उडवी कुणी जाळली

महिपती चढ चढून अंगणात आला. सावित्राबाईनं आधी त्याच्या हाताकडं पाहिलं, मग तोंडाकडं. आंदर मावळात ही सवयच लागली आहे. भरदुपारी गोड हसत वाडीवर येणाऱ्याकडं जमिनीचा कागद असतो, आणि कागदावर अंगठ्याची जागा मोकळी असते.

हातात कापडी पिशवी होती.

"पाणी देता का, वैनी?"

पाण्याला नाही म्हणता येत नाही. तिनं दिलं. बस मात्र म्हणाली नाही. नात्यानं लांबचा दीर, पण अकरा वर्षांपूर्वी वाडी सोडलेला. आंबीला कंपनीत काम, बेगडेवाडीला खोली. तिकडं येशूच्या प्रार्थनेला जातो, दारू सोडली, असं कानावर होतं. कानावरचं ती निम्मंच धरायची.

"तुमची उडवी मी जाळली," महिपती म्हणाला.

उडवी. कापलेल्या भाताच्या पेंढ्यांची खळ्यावरची रास. अकरा वर्षांमागं ती पेटली, वर्षाचं भात गेलं. त्या संध्याकाळी तिची जाऊ हिरा गोवरीवर विस्तव घेऊन खळ्यावरून गेली होती. तेवढ्यावर सावित्राबाईनं चारचौघांत आळ घेतला आणि बोलणं तोडलं. हिराच्या लेकीवर अक्षता पडल्या तेव्हा ही आतून कडी लावून बसली होती.

आणि हा म्हणतो, मी.

पहिला संशय: सही पाहिजे असणार.

"पिशवी उपडी कर."

टॉवेल. केळी. काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक.

"ते झाड."

महिपतीनं पुस्तक उलटं धरून झाडलं. एसटीचं तिकीट पडलं. तिनं तेही उलटंपालटं करून पाहिलं.

दुसरा.

"हिरानं पाठवलं व्हय?"

"तिच्याकडं सकाळीच गेलतो. बोल तिनं खाल्ला ना माझ्यापायी."

"काय म्हणली?"

"रडली. मग च्या केला."

तिसरा.

"मग आजच का?"

"रविवारी माझा बाप्तिस्मा हाय. पाण्यात उतरायच्या आदी, ज्याचं वाईट केलं त्याला सांगावं म्हणतात."

"म्हंजे तुझ्या आंघोळीसाठी माझी माफी."

महिपती हसला. "तसं समजा. पर तुमी न्हाई दिली तरी येशूनं मला पदरात घेतलंय. त्या बळावर तर चढलो. न्हाईतर पिल्याबिगर ह्या वाटंला लागलो नसतो."

"न्हाई देत माफी."

"बरं."

नुसतं बरं. तिनं शिव्या तयार ठेवल्या होत्या, त्या तोंडातच राहिल्या. तो टॉवेलाची घडी घालत होता. ओझं उतरवून ठेवलेल्या माणसाचं तोंड. तेच तिला बघवेना.

चौथा संशय त्याच्यावर नव्हता.

हिरा विस्तव घेऊन गेली दिवेलागणीला. उडवी पेटली जेवणं झाल्यावर. हे तिच्या एकदा मनात आलं होतं, पहिल्याच वर्षी. पुन्हा येऊ दिलं नव्हतं.

"महिपती, खोटा आळ घेणाऱ्याला काय म्हणतो तुझा येशू?"

"मला म्हणला तेच. आदी माझ्याकडं ये म्हणतो. मग ज्याचं वाईट केलं त्याच्याकडं जा म्हणतो."

"आनि म्हणायचं काय असतं त्याला?"

"जे झालं ते."

तो डोळे मिटून पुटपुटू लागला. तिनं मिटले नाहीत, त्याच्यावर नजर ठेवली. आणि नजर न काढताच म्हणाली, "हिरावर म्या खोटं घातलं. मला ठावं व्हतं."

महिपतीला सांगत नव्हती, एवढं खरं. कुणाला, ते तिलाही धड कळलं नाही. पण कुणीतरी ऐकलं आणि उठून गेलं नाही, असं वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास आला.

महिपतीला तिथंच सोडून ती खालच्या घराकडं निघाली.

हिरा भांडी घासत होती. मान वर केली नाही.

"त्यो सांगून गेला. तू आनि काय सांगायला आलीस?"

"त्याच्यापरीस वंगाळ हाय माझं."

हिराचे राखेचे हात थांबले. तिनं घासलेली परात उचलून बाजूला ठेवली. ओट्यावर जागा झाली.

"बस," हिरा म्हणाली. "सांग."