सफरचंदाचा गर

शुक्रवारी सकाळी नार्व्याच्या घरी सुमंगलाने सफरचंदं सोलली, बिया काढल्या आणि फोडी थोड्याशा पाण्यात मंद आचेवर झाकून ठेवल्या. बोटाने दाबताच विरघळाव्यात इतक्या त्या मऊ झाल्या, तेव्हा चहाच्या गाळणीवर चमच्याने घासून घासून तिने गर काढला. साखर नाही, मीठ नाही.

"म्हापशाक सगळां मेळता," तिचा नवरा कृष्णनाथ म्हणाला. "तू नार्व्यासून कित्याक व्हरतंस?"

"ह्या मेळणा नाय," ती म्हणाली आणि डबा लावला.

पूर्वी त्या घरात सफरचंद कुणी शिजवलं नव्हतं. सफरचंद आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं. पण धाकटी जाऊ अंकिता बाळंतपणानंतर फार आजारी पडली. आधी इस्पितळ, मग माहेर, असं तिचं वर्ष गेलं, आणि तिची तान्ही सेजल सुमंगलाच्या हाती आली. सुमंगलाला मूल नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं तसा ती रोज गर करायची आणि पोरीला मांडीवर घेऊन भरवायची.

मग अंकिता बरी झाली. तिचा नवरा गौरेश म्हापशाला नोकरीला होता. तो मायलेकींना तिकडे घेऊन गेला. तसंच व्हायला हवं होतं, हे सुमंगलालाही कळत होतं. तरी कामाच्या गडबडीत मध्येच ती थबकायची. आतल्या खोलीत पोर रडल्यासारखं वाटायचं.

डिचोलीला बस बदलून ती म्हापशाला पोचली. अंकिताने दार उघडलं. "वयनी! ये, ये. बस."

सेजल आता घरभर धावत होती. सुमंगलाला बघून ती आईच्या मागे लपली. सुमंगला जमिनीवर बसली, डबा उघडला. "ये गो माझ्या बाय."

पोर हळूहळू पुढे आली. एक चमचा तोंडात घेतला आणि थुंकून टाकला. "नाका!" मग टेबलावरचं अख्खं सफरचंद उचलून तिने त्यात दात रोवले.

"दात इले ना," अंकिता ओशाळून म्हणाली. "आता सगळां चावूकच होयां तिका."

"बरां झालां," सुमंगला म्हणाली. तिने झाकण लावायला घेतलं. ते नीट बसेना.

अंकिताने तिचा हात धरला. "वयनी, तां माका दी."

"तुका?"

"ती काय खाय होती, तां माका बघूक होयां."

अंकिताने एक चमचा खाल्ला. मग दुसरा. खाली मान घालूनच तिने विचारलं, "पयल्यांदा दिलंस तेवा तिणां तोंड कसां केल्यान?"

"चिंच खाल्ल्यासारखां," सुमंगला हसली. "डोळे गच्च मिटल्यान. आणि मगे वाटीच वडूक लागली."

"हे इस्पितळात माका फोनार तिचे फोटो दाखवीत," अंकिता म्हणाली. "मी फोन उलटो घालून ठेवी. बघवत नाय होतां. सांग गो. मगे?"

सुमंगला सांगत राहिली. पोर गर केसांना कशी फासायची, पोट भरलं की चमचा बिनदातांच्या हिरड्यांत कसा धरून ठेवायची, जेवताना कावळा दिसला नाही तर कशी रुसायची. अंकिता मध्येच हसायची, मध्येच पदराने डोळे पुसायची. डबा रिकामा झाला तरी दोघी उठल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र सुमंगलाने सांगितली नाही. एकदा भरवताना पोरीने तिच्याकडे बघून "आई" म्हटलं होतं. पहिल्यांदाच. ते ओठांवर आलं, आणि तिने पाणी मागितलं.

संध्याकाळी कृष्णनाथ स्कूटर घेऊन बसथांब्यावर उभा होता.

"पोरीन खाल्लान?"

"तिच्या आईन खाल्लान," सुमंगला म्हणाली आणि मागे बसली. त्याने स्कूटर सुरू केली.