पेरू आधी

नाशकाबाहेरच्या जकात नाक्यावर पेरूच्या गाड्या आधी सोडायच्या, हा नियम नाथानंच भांडून करवून घेतला होता. सन पस्तीस साली त्याचा सगळा बहर त्या नाक्यावर उभ्या उभ्या सडला, तेव्हा तो साहेबाच्या दारात ठाण मांडून बसला होता.

आज मात्र त्याच्या गाडीत शेंगांची पोती होती, अन् पोत्यांवर गोधडीत गुंडाळलेली, तापानं फणफणलेली सगुणाबाई. बायकोला दवाखान्यात न्यायचंच आहे, तर गाडी रिकामी कशाला न्यायची, म्हणून त्यानं पोती टाकली. तिथंच चुकलं. शेंगा काही नासत नाहीत. शेंगांची गाडी मागं.

पेरूवाले भराभर पुढं निघाले. जो तो हात उंचावून म्हणायचा, "नाथाभाऊ, तुमच्यामुळं सुटलो!"

"शिपायाला सांगू का?" नाथानं हळूच विचारलं.

"नको. तुमचाच नियम, अन् तुम्हीच मोडायचा व्हय? थांबू की," सगुणाबाई डोळे मिटूनच म्हणाली.

उन्हं डोक्यावर आली. "शेंगावाले, चला!" शिपाई ओरडला. नाथा गोधडी सारखी करायला वळला, तर तिचा हात गार लागला. त्यानं दोनदा हाक मारली. मग बैल घराकडं वळवले.

पेरू विकून परतणाऱ्या निजाम बागवानानं त्याला वाटेत गाठलं. गाडीला गाडी लावून त्यानं एक पिवळाधमक पेरू गोधडीवर ठेवला.

"वहिनी झोपल्या वाटतं. उठल्या की द्या, नाथाभाऊ. लय ताजा हाय."