एक बटण कमी

ती कामावरून घरी आली तेव्हा नवरा जेवणाच्या टेबलाशी उभा राहून एका खोक्याला चिकटपट्टी लावत होता. खोकं ओळखीचं होतं. तिनेच मागवलेलं. ती दिवसभर बाहेर असताना ते आलं होतं, उघडलं गेलं होतं आणि आता पुन्हा बंद होत होतं.

"परत पाठवतोयस?" तिने चपला न काढताच विचारलं.

"यात एक बटण नाहीये," तो म्हणाला आणि चिकटपट्टी दातांनी तोडली.

तिने पर्स खुर्चीवर टाकली. धाकट्या दिराने घर बदलताना आपला रेकॉर्ड प्लेअर आणि पेटीभर तबकड्या यांच्याकडे आणून टाकल्या, तेव्हापासून घरात शांतता नव्हती आणि गाणंही नव्हतं. प्लेअर धडधाकट होता. पण सुईतून निघणारा आवाज इतका बारीक की नुसत्या अँप्लिफायरला तो पुरत नाही. मध्ये फोनो प्रीअँप नावाची एक डबी लागते, ती आवाज आधी वाढवून देते, एवढं दुकानदाराने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. डबी आणायची, वायरी खोचायच्या, विषय संपला.

पण नवरा नकाशे काढणारा. रेघ शंभरदा पेन्सिलीने ओढल्याशिवाय शाईला हात न लावणारा. स्वस्तातली एक डबी घरघरते म्हणून त्याने नाकारली. दुसरी छान होती, पण परवडण्याच्या पलीकडची. तिसरीला हेडफोन लावायला जागा नव्हती, आणि हेडफोनशिवाय तर भागणारच नव्हतं, कारण सासूबाईंची खोली भिंतीपलीकडे आणि त्यांची झोप सशाची. पुढच्या डब्या कशापायी बाद झाल्या हे विचारायचं तिने सोडून दिलं. "याने बायको पसंत करायला एवढा वेळ लावला नव्हता," असं सासूबाईच एकदा म्हणाल्या होत्या, आणि त्या दिवशी दोघी सासू-सुना पहिल्यांदा एका बाजूला होत्या.

शेवटी दातांच्या दवाखान्यात, आपल्या काउंटरमागे बसून, दोन पेशंटच्या मधल्या वेळात तिने स्वतःच लोकांची मतं वाचली आणि सगळ्यांनी चांगली म्हटलेली, खिशाला झेपणारी एक डबी मागवून टाकली. त्याला फोटो दाखवला होता. त्याने मान हलवली होती. ती मान हो म्हणून हलली नव्हती, हे आता कळत होतं.

"कुठलं बटण?"

"आहे एक."

"अरे, मग मला सांग. मी शोधते."

"मिळालं की दाखवतो."

स्वयंपाकघरात जाऊन तिने घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली, जरा जास्तच आपटून. त्याने ते खोकं दारापाशी नेऊन ठेवलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच तो बाहेर पडला आणि परतला तो एक काळं, जड, कोपऱ्यांवर रंग उडालेलं प्रीअँपचं धूड काखेत मारून. जुनी यंत्रं दुरुस्त करून विकणाऱ्या एका माणसाकडे सापडलं म्हणाला. नव्या डबीपेक्षा स्वस्तच पडलं. इतके दिवस डोकं पिकवून हा शेवटी भंगार घेऊन आला, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याने ते वाचलं असावं, कारण घाईघाईने गुडघ्यांवर बसून तो वायरी जोडायला लागला.

मग त्याने तबकडी लावली आणि हेडफोन तिच्यापुढे धरला.

"तू ऐक आधी."

ती सोफ्याच्या कडेवर बसली. एका बाईचा गोड, भरलेला आवाज आला. दोन ओळी झाल्या आणि बाई थांबली. नुसता ठेका वाजत राहिला. मग पुन्हा बाई, पुन्हा ठेका. हे गाणं तिला माहीत होतं. मोबाइलवर कितीदा तरी ऐकलं होतं. फार मोकळ्या जागा ठेवल्यात यात, असं तिला नेहमी वाटायचं.

"कसं आहे?" त्याने हाताने विचारलं.

"छान," ती तुटकपणे म्हणाली.

त्याने धुडावरचं एक बटण दाबलं.

बाई थांबली आणि त्या मोकळ्या जागेत एक पुरुष गाऊ लागला. तिच्याच ओळींना उत्तर देत, अगदी जवळून. तिने दचकून हेडफोन काढला, हातातल्या हेडफोनकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे.

"या बटणाने दोन्ही बाजूंचं दोन्ही कानांत येतं," तो म्हणाला. "आधी बाई नुसत्या उजव्या कानात होती, तो नुसत्या डाव्या."

मागे एकदा आलेल्या मोठ्या तापानंतर कान जरा बसलाय, असं तिने घरात सांगितलं होतं. जरा. दवाखान्यात तर तेवढंही नाही. तिथे तिने फक्त आपली खुर्ची काउंटरच्या डाव्या टोकाला, भिंतीलगत सरकवून घेतली होती.

"तुला कोणी सांगितलं?" तिचा आवाज चढला होता.

"कोणी नाही."

"मग?"

तो फडक्याने एका तबकडीची धूळ पुसत होता. ती आधीच स्वच्छ होती.

"मोबाइलवर ऐकताना तू इअरफोनचं एकच बोंड कानात घालतेस. दुसरं कायम गळ्यात लोंबत असतं."

तिला खूप काही बोलायचं होतं. हे आधी का नाही सांगितलं, माझा एवढा जीव का खाल्ला, माझ्या कानांवर पाळत ठेवायला कोणी सांगितलं होतं. तिने हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली आणि सोडली. हातातल्या हेडफोनमधून गाणं बारीक किरकिरत होतं.

"डाव्या कानाने मला काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली. "जरासुद्धा नाही."

तो मान वर न करता "हं" म्हणाला. फडकं बाजूला ठेवून त्याने सुईचा दांडा उचलला.

"पहिल्यापासून लाव," ती अजून चिडलेल्याच आवाजात म्हणाली, आणि डोळे पुसायच्या आधी तिने हेडफोन कानांवर चढवला.