व्हिएतनामचा नवस
लोक मूल व्हावं म्हणून नवस करतात, नोकरी लागावी म्हणून करतात. माझ्या नवऱ्याने व्हिएतनामसाठी केला. पासष्ट साल होतं, आमच्या लग्नाची हळदही नीट उतरली नव्हती. अमेरिकेची फौज तिथे उतरली हे ऐकून बाळाराम वज्रेश्वरीला गेला आणि देवीपुढे बोलून आला, व्हिएतनामचे लोक जिंकेपर्यंत मी मासळी खाणार नाही.

आगरी माणसाने मासळी सोडायची म्हणजे हद्दच झाली. माझ्या हातच्या खाडीतल्या निवट्यांच्या कालवणावर माहेरचे तुटून पडायचे, आणि इथे नवरा रोज डाळभात मागणार. मी चिडून विचारलं, "ते आपले कोन लागतात?"

"भात लावनारी मानसं हायेत, आपल्यासारखी," तो म्हणाला. "आधी फ्रेंचांशी लढली, तर देशाचे दोन तुकडे झाले. आता हे आले. वरून बॉम्ब पडतात, आन ही सकाळी परत खाचरात उभी."

आमच्या सगळ्या कामतघर गावाने त्याची टर उडवली. मीही उडवली. पण कापडाच्या कारखान्यातून आला की तो पेपर वाचून दाखवायचा, आणि भाकऱ्या थापता थापता तिथल्या गावांची नावं माझ्या तोंडात बसली. एखादं गाव जळाल्याचं ऐकलं की माझी तव्यावरची भाकरी करपायची. नवस त्याचा, पण जीव माझाही गुंतला.

त्र्याहत्तर साली अमेरिकेने फौज मागे घ्यायचा करार केला. धामणकर नाक्यावर युनियनवाल्यांनी पेढे वाटले आणि मी हौसेने कालवण केलं. बाळारामने भाकरी मोडून बुडवली. तेवढ्यात शेजारच्या केसरीनाथच्या रेडिओवर सांगितलं, दक्षिणेत अजून गोळीबार चालू आहे. घास हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला. खायची फार इच्छा होती बिचाऱ्याला. मी ताट ओढून घेतलं.

"लढाई संपली न्हाय," मी म्हटलं.

"येडी झालीस काय गो?" सासू ओरडली. मग चुलीपाशी बसून मीच रडले.

पंचाहत्तरचा एप्रिल संपत आला तेव्हा पेपरात आलं, सायगावला, अमेरिकेने पोसलेल्या सरकारच्या राजधानीला, वेढा पडलाय. मी निवट्या आणून कालवण करून ठेवलं आणि केसरीनाथच्या दारात जाऊन बसले. दुपारच्या बातम्यांत सांगितलं, सायगाव पडलं, लढाई संपली.

"समदी संपली?" मी विचारलं.

"समदी," केसरीनाथ म्हणाला.

डबा भरून मी तडक कारखाना गाठला. लूमच्या खडखडाटात तिथे बोलून उपयोग नसतो, सगळे हातवारे करतात. मला ते येत नव्हते. मी दारात उभी राहिले आणि डब्याचं झाकण काढून डबा त्याच्यासमोर धरला.

खात्री असल्याशिवाय मी मासळी आणणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने लूम बंद केला आणि दोन्ही हात वर केले. बाकीच्यांना समजलं तसे एकेक लूम थांबत गेले.

सुताच्या गाठोड्यावर बसून तो जेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हता. मला इतका अभिमान वाटला, जणू मीच सायगाव घेतलं होतं.

"कमळ," तो बोटं चाटत म्हणाला, "तिकडं आफ्रिकेत, अंगोलात बी आता पेटलंय. देवीला..."

"त्यांच्यासाठी मासळी मी सोडते," उरलेलं कालवण त्याला वाढत मी म्हटलं. "तू जेव."