इतिवृत्तात नसलेलं वाक्य

ठराव क्रमांक अकरा एकमताने मंजूर झाला. नगरपालिकेच्या भिंतीला लागून असलेली किल्ल्यांची टपरी सुरक्षिततेच्या कारणास्तव हटवावी, असं ठरलं. कोणी विरोध केला नाही. अध्यक्षबाईंनी सर्वांचे आभार मानले आणि सभा संपली.

हे सगळं सोमवारी दुपारी पावणेतीन वाजता झालं. सभा मंगळवारी सकाळी अकराला होती. तेव्हा वाचकांनी तूर्तास असं समजावं, की काहीच झालेलं नाही. नगरपालिकेतही सगळे तसंच समजून चालत.

ठरावभाऊंनी शेवटच्या ओळीवर फुंकर घातली, पेनाला टोपण लावलं आणि खिडकीकडे पाठ करून बसले. एरवी ते तोंड करून बसत. खिडकीबाहेर ती टपरी होती आणि टपरीत त्यांची थोरली बहीण बसलेली होती.

ठरावभाऊ हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारली तर त्यांनी वळून पाहिलं नसतं. तीस वर्षं ते सभेचं इतिवृत्त लिहीत होते. सभेच्या दिवशीच चारच्या बसने ते जिल्ह्याला गेलं पाहिजे, असा नियम. एकदा सभा लांबली, बस चुकली आणि वरून असे काही ताशेरे आले, की तेव्हाच्या अध्यक्षांना आठवडाभर जेवण गेलं नाही. त्यानंतर ठरावभाऊ आदल्या दिवशीच लिहून ठेवू लागले. सुरुवातीला सभा झाल्यावर ते दुरुस्त्या करत. पुढे लक्षात आलं, की दुरुस्त करायला काही सापडतच नाही. आणखी काही वर्षांनी सदस्यच आदल्या दिवशी येऊन आपापली भाषणं वाचून जाऊ लागले. कोणाला त्यात काही गैर वाटत नव्हतं. फक्त मोठ्याने कोणी बोलत नव्हतं.

तीनच्या सुमारास विरोधी पक्षनेते गाल धरून आले.

"उद्या मी काय म्हणालो, भाऊ?"

"नवव्याला कडाडून विरोध. दहाव्याला सभात्याग."

"सभात्याग नवव्यालाच उरकता नाही येणार? पावणेबाराला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय."

ठरावभाऊंनी पान उलटून पाहिलं. "कडाडून केल्यावर लगेच उठता येत नाही. जरा वेळ बसावं लागतं."

"मग सौम्य करा," नेते म्हणाले. "तसाही दाढेमुळे कडाडून जमणार नाही."

सही करताना त्यांनी अकराव्या ठरावावर बोट ठेवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, की यात आपण कुठे नाही ना. तोवर तुम्ही बाहेर गेलेले असाल, असं ठरावभाऊ म्हणाले. नेत्यांना हायसं वाटलं. घराचं कुलूप त्याच बाईने बसवलंय, उगाच वाकडेपणा नको, असं म्हणत ते गेले. जाताना दाराची कडी दोनदा हलवून पाहिली. हल्ली सगळेच पाहत.

याचं मूळ तीन आठवड्यांपूर्वीच्या एका सकाळी होतं. अध्यक्षबाईंच्या खोलीतलं लोखंडी कपाट शिपायाला सताड उघडं दिसलं. आत हात घालून घालून शोधलं, काही म्हणजे काही चोरीला गेलं नव्हतं. घोळ झाला तो इथे. चोरी झाली असती तर तक्रार झाली असती, पंचनामा झाला असता आणि चार दिवसांत सगळे विसरून गेले असते. काही गेलेलं नाही म्हटल्यावर माणसं घाबरली. मग फाइली मोजल्या. रजिस्टरात बेचाळीस होत्या, कपाटात त्रेचाळीस निघाल्या. तीन वेळा मोजल्या, तिसऱ्या वेळी मोजणारे बदलले, तरी एक जास्तच.

नेणारा चोर समजू शकतो. ठेवून जाणाऱ्याचं करायचं काय?

ती जास्तीची फाइल कोणी उघडली नाही. उघडली की आत काय आहे ते कळणार आणि कळलं की जबाबदारी येणार. मुख्याधिकाऱ्यांनी ती तशीच फडक्यात बांधून वर लाखेची मोहोर लावली. त्या दिवसापासून नगरपालिकेची तब्येत बिघडली. शिपाई संध्याकाळी खुर्च्या मोजून घरी जाऊ लागला. टंकलेखिका बागेच्या वेळांची सूचना टाइप करतानासुद्धा कागदावर हात धरू लागली. पाणीपुरवठ्याचा माणूस चहा प्यायच्या आधी दुसऱ्याला प्यायला लावून वाट बघू लागला. आणि मग कोणीतरी म्हणालं, की कपाट फोडलेलं नाही, उघडलेलं आहे. म्हणजे किल्ली आली. किल्ली म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं एकाच वेळी खिडकीकडे वळली.

ताई तेव्हा चाकावर किल्ली घासत होती. ठिणग्या उडत होत्या. संशय घ्यायला एवढं पुरे होतं.

टपरी मुळात मेहुण्यांची. ते गेल्यावर तेराव्या दिवसाची माणसं पांगायच्या आत ताई चाकावर बसली, त्याला एकोणीस वर्षं झाली. तिची चूल त्या चाकावर चालायची. भावाकडून तिने कधी काही घेतलं नाही, भाजीची जुडीसुद्धा परत पाठवायची. आणि खरं सांगायचं तर गावात सगळ्यात संशयी कोणी असेल तर ती ताईच. किल्ली कुठल्या घराची, तुमची कशावरून, दुसरी कशाला हवी, हे विचारल्याशिवाय ती चाकाला पाय लावत नसे. ठरावभाऊ एकदा स्वतःच्याच घराची किल्ली घेऊन गेले, तर वहिनीला घेऊन ये म्हणाली. वहिनी येऊन "हो, हे आमच्याच घरात राहतात" असं म्हणाल्यावरच काम झालं.

हे सगळं ठाऊक असूनही गेल्या आठवड्यात ठरावभाऊ दोन चहा घेऊन टपरीवर गेले होते. इकडचं तिकडचं बोलले, चहा संपवला, पेला खाली ठेवला आणि म्हणाले,

"ताई, तू नाही ना?"

चाक थांबलं.

"काय नाही ना?"

"ते कपाट."

"नाही," ताई म्हणाली. "आणि चोरायचंच झालं तर तुमच्या कपाटातून नेऊ काय? तुझे ठराव?"

ठरावभाऊ हसले. ती हसली नाही. तिने किल्ली उजेडात धरली, दाते पाहिले आणि पुन्हा चाकावर धरली.

"सारं गाव विचारणार, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण तू रांगेत पहिला असशील असं वाटलं नव्हतं."

तर सोमवारी चारला मुख्याधिकाऱ्यांनी ठरावभाऊंना आत बोलावलं. अकराव्या ठरावाला पुरावा म्हणून ते मोहोरबंद गाठोडं जोडायचं होतं, 'परिशिष्ट अ' अशी चिठ्ठी लावून. गाठोडं शिपायाने इतक्या वेळा इकडून तिकडे हलवलं होतं, की फडक्याचा एक कोपरा सुटला होता. त्यातून फाइलची नाडी डोकावत होती. नाडीला दोन वेढे देऊन टोक आत खोचलेलं होतं. अशी गाठ अख्ख्या इमारतीत एकच माणूस मारत असे.

ती गाठ ठरावभाऊंनी स्वतःच मारलेली होती.

बायकोच्या मोतीबिंदूसाठी त्यांना तीन आठवड्यांपूर्वी रजा हवी होती. कामाचा खोळंबा नको म्हणून त्यांनी दोन महिन्यांची इतिवृत्तं एकदमच लिहून टाकली होती; या महिन्याच्यात अकरावा ठराव तेवढा आज वाढवला होता. पुढच्या महिन्याचं अध्यक्षबाईंच्या सहीसाठी त्यांच्याच कपाटात ठेवलं, त्यांचीच किल्ली मागून घेऊन. न झालेल्या सभेची फाइल रजिस्टरात चढवता येत नाही, म्हणून चढवली नव्हती. त्या कपाटाचं दार किंचित वर उचलून धरल्याशिवाय कुलूप बसत नाही, हे ताईनेच त्यांना वीसदा सांगितलं होतं. दवाखान्याच्या घाईत त्यांनी दार उचललं नाही.

तीन आठवडे त्यांनी शिपायावर संशय घेतला होता, टंकलेखिकेवर घेतला होता, सख्ख्या बहिणीवर घेतला होता. स्वतःवर घ्यायचा राहूनच गेला होता.

"साहेब," ते म्हणाले, "ही फाइल माझी आहे. कपाट मीच उघडं टाकलं."

मुख्याधिकाऱ्यांनी चष्मा काढला. त्यांनी ठरावभाऊंकडे मायेने पाहिलं.

"बहिणीसाठी माणूस काय काय करतो," ते म्हणाले.

ठरावभाऊंनी गाठ दाखवली, रजेचा अर्ज आठवून दिला, दार कसं उचलावं लागतं तेही उठून करून दाखवलं. मुख्याधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश समजावलं, की तीस वर्षांत तुमच्या कागदावर एक खाडाखोड नाही. अशी चूक तुमच्या हातून झाली असं म्हटलं, तर आमच्यावरच कोणी विश्वास ठेवणार नाही.

"मग उघडून बघा, साहेब. आत माझंच अक्षर आहे."

"उघडलं तर पुढच्या महिन्याच्या सभेचं इतिवृत्त निघेल. मग सभा व्हायच्या आधी ते लिहिलं कसं, हे मला तुम्हाला विचारावं लागेल." मुख्याधिकाऱ्यांनी चष्मा परत लावला. "मला ते विचारायला लावू नका. बहिणीला दुसरीकडे कुठेतरी बसवा. चिठ्ठी नीट डकवा."

त्यांनी चिठ्ठी नीट डकवली. इतक्या वर्षांची सवय होती.

मंगळवारची सभा उत्तम झाली. नवव्या ठरावाला विरोधी पक्षनेत्यांनी सौम्य विरोध केला आणि गाल धरून सभात्याग केला. दहावा चटकन आटोपला. अकरावा वाचून दाखवताना ठरावभाऊंचा आवाज नेहमीसारखाच होता. वाचून झालं आणि ते खाली बसायच्या ऐवजी उभेच राहिले. अध्यक्षबाईंनी मान वर केली. इतक्या वर्षांत हा माणूस वाचन संपल्यावर उभा राहिलेला कोणी पाहिला नव्हता.

"कपाट मी उघडं टाकलं," ठरावभाऊ म्हणाले. "ताईचा संबंध नाही."

सभागृहात पानं उलटल्याचा आवाज झाला. सगळे सदस्य आपापल्या प्रतीत शोधू लागले. एकाने मागून पुढे शोधलं. एका वयस्कर सदस्याने शेजाऱ्याला हळूच विचारलं, की यावर आपण काही म्हणतो का. शेजाऱ्याने नकारार्थी मान हलवली. त्या दोघांच्या नावापुढे तर अकराव्याखाली एक शब्दसुद्धा लिहिलेला नव्हता.

"हे कुठल्या पानावर आहे, भाऊ?" अध्यक्षबाईंनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या, खरोखर शोधत होत्या.

"कुठल्याच नाही."

"मग पुढे जाऊ या," त्या म्हणाल्या. मुख्याधिकारी टेबलावरचं पेपरवेट फिरवत होते. एकमताने मंजूर झालं, आभार मानले गेले, चारची बस मिळाली.

बुधवारी दहाला नगरपालिकेचा ट्रॅक्टर आला. चार माणसांनी टपरी हलवायचा प्रयत्न केला, ती हलेना. आत चाक होतं, ऐरण होती, किल्ल्यांच्या पेट्या होत्या. एकाने पहार आणली तेव्हा ताई उठली. "राहू दे, सांधे निखळतील," ती म्हणाली आणि टपरी जमिनीला धरून ठेवणारे चार बोल्ट तिने स्वतः पाना लावून सोडून दिले. मग बाजूला उभी राहिली. चाक तेवढं तिने उतरवून घेतलं होतं, ते साडीच्या जुनेराने गुंडाळून काखेत धरलं होतं. रस्त्यावरचे लोक बघत होते आणि प्रत्येकाचा एक हात आपल्या खिशातल्या किल्ल्यांवर होता.

ठरावभाऊ पायऱ्या उतरून आले. त्यांनी चाक घ्यायला हात पुढे केला. तिने दिलं नाही.

"काल तू उभा राहून बोललास म्हणे. शिपाई सांगत होता."

"बोललो."

"माझं नाव घेऊन?"

"ताई म्हणालो."

"आलंय का ते कागदात?"

"नाही."

"मग तो शिपाई पण विसरेल," ताई म्हणाली. "उद्या नव्या जागी बसले, तर लोक विचारणार, तुम्हाला तिथून का उठवलं. मी सांगायचं काय? तू लिहिलंयस तेच ना?" चाक तिने दुसऱ्या काखेत घेतलं आणि चालू लागली.

ठरावभाऊ वर गेले. खिडकीपाशी बसले. बाहेर भिंतीवर टपरीच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन उरला होता, बाकीची भिंत मळकी. त्यांनी कोरा कागद घेतला. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मजकूर सुचायला वेळ लागला. लिहून झाल्यावर त्यांनीच त्यावर आवक क्रमांक टाकला, त्यांनीच शिक्का मारला आणि पुढच्या सभेपुढे ठेवायच्या कागदांत त्यांनीच तो लावला.

प्रति,
मा. अध्यक्ष, नगरपालिका.

विषय: सर्वसाधारण सभेत उच्चारलेल्या मजकुराची नोंद घेणेबाबत.

महोदया,
मंगळवारच्या सभेत ठराव क्रमांक अकराचे वेळी मी उभा राहून "कपाट मी उघडं टाकलं. ताईचा संबंध नाही." असे म्हणालो. सदर मजकूर इतिवृत्तात आलेला नाही. इतिवृत्त मीच लिहितो, परंतु सभेची मान्यता असल्याशिवाय त्यात शब्द घालण्याचा अधिकार मला नाही. एकूण शब्द सात आहेत. तरी ते ठराव क्रमांक अकराचे खाली, जागा नसल्यास समासात, तेही नियमात बसत नसल्यास पाठीमागील कोऱ्या बाजूस नोंदवून घ्यावेत व त्याची एक सही-शिक्क्याची प्रत माझ्या बहिणीस, ती जेथे बसेल तेथे, पोच करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
सभा लेखनिक