अक्षय तेलाची फियाट

गुरुवारी सकाळी आठ वाजता दिल्लीच्या मयूर विहारमधल्या त्या सोसायटीच्या तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं एका मोटारीच्या दर्शनाला आली होती. बॉनेटवर भगवी शाल, उजव्या बाजूच्या चाकांभोवती झेंडूचे ढीग आणि गाडीखाली आडवा आरसा. मागच्या रांगेतल्यांनाही चमत्कार दिसावा, एवढी काळजी महाराजांनी घेतली होती.

गाडी विलासरावांची, पंचावन्न वर्षांची फियाट. ते गेल्यापासून ती कव्हराखाली पडून होती. जुलैत तळघरात पाणी तुंबलं, चार दिवस गाडी बंपरपर्यंत बुडून राहिली. पाणी ओसरलं आणि महिन्याभरात हे महाराज सोसायटीत आले. आडवं होऊन त्यांनी गाडीखाली हात घातला, गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाचं बूच काढलं, आणि काळं तेल येण्याऐवजी दुधासारखी पांढरट धार लागली. विलासरावांच्या पत्नी कुमुदताई तिथेच हात जोडून बसल्या.

"पाँच हफ्ते से हर गुरुवार कटोरी भर निकाल रहा हूं, भक्तजनो," महाराज सांगत होते. "ना गाडी चली, ना किसी ने तेल डाला. कम हुआ क्या?"

"नहीं," गर्दी म्हणाली.

"साइंस के पास जवाब है?"

"नहीं." सायन्सला तिथे कुणी बोलावलंच नव्हतं, त्यामुळे ते बिचारं काही बोललं नाही.

"और ये गंध? सोहना के गरम गंधक-कुंड जैसी. साक्षात औषधि."

रांगेच्या कडेला कुमुदताईंची सून विनया उभी होती. हा वास तिला लहानपणापासून ओळखीचा. तिचे वडील हिंदुराव फौजेत गाड्यांचे मिस्त्री, आणि छावणीतल्या वर्कशॉपमध्ये त्यांना बॅटरी धरणारी ही. गिअरच्या तेलात गंधक असतं, हे तिला बाराखडीच्या आधी कळलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी ती ऑफिसात असताना कुमुदताईंनी महाराजांनी डब्यात भरून दिलेलं हेच तेल तिच्या दोन वर्षांच्या मुलीच्या, स्वरूपाच्या कोपरांवरच्या चट्ट्यांना चोळलं. संध्याकाळी पोरीचे हात भाजल्यासारखे सोलले होते. दोन दिवस इस्पितळात सलाइन. डॉक्टरांनी विचारलं, "क्या लगाया था?" आणि विनयाला ते मोठ्याने सांगावं लागलं. इस्पितळाचा तो कागद तेव्हापासून तिच्या पर्समध्येच होता.

कुमुदताई मात्र म्हणाल्या होत्या, "श्रद्धा कमी पडली गं. ह्यांनी आयुष्यभर सांभाळलेली गाडी आहे, ती नातीचं वाईट कसं करेल?"

आणि आज महाराज लहान मुलांच्या जिभेवर थेंब देणार होते. स्वरूपाचं नाव पहिलं. ती आजीच्या कडेवर होती, हातांना अजून पट्ट्या.

आदल्या संध्याकाळी विनयाने वडिलांना फोन केला होता.

"आबा, दर गुरुवारी काढूनही तेल बुचापर्यंत कसं राहतं?"

"गाडी सपाट उभी आहे का? तेवढं बघ आधी," आबा म्हणाले. "तिरकी असेल तर तेल एका बाजूला जमतं. अगं, गिअरची पेटी निम्मी रिकामी असली तरी त्या बाजूच्या भोकातून वाहील."

मग तिने सोसायटीच्या ग्रुपवरचे पाचही गुरुवारचे फोटो उघडले. गाडीमागच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ होती, सरळ आडवी. पहिल्या फोटोत बंपर रेघेला समांतर होता. दुसऱ्यात जरासा कलला. पाचव्यात पार डावीकडे झुकला होता. आणि उजव्या चाकांपाशी झेंडू दर आठवड्याला वीतभर वाढला होता.

"पहली बच्ची," महाराजांनी चमचा उचलला.

विनया पुढे झाली. आवाज तिने मुद्दाम गोड ठेवला. "महाराज, हमारे घर की रीत है, पहला प्रसाद गुरु का."

"हां महाराज, पहिला तुम्ही घ्या ना," कुमुदताई अगदी मनापासून म्हणाल्या.

"मेरा तो आज उपवास है, माताजी."

"प्रसादाने उपवास मोडत नाही, महाराज. एकच थेंब," कुमुदताईंनी आग्रह केला.

महाराज हसले. चमचा हातातच राहिला. मग म्हणाले, "गला ठीक नहीं है."

कुमुदताईंनी चमच्याकडे पाहिलं, मग नातीच्या पट्ट्यांकडे. भाबड्या होत्या, पण पस्तीस वर्षं पंगती वाढलेली बाई. पान का नाकारलं जातंय, हे त्यांना कळायचं. त्यांनी कमरेला लावलेली गाडीची किल्ली काढून सुनेच्या हातावर ठेवली. "काय करायचंय ते कर."

"माताजी, ये सिद्ध गाडी है, हिलाना मत."

"गाडी आमची आहे," विनया दार उघडत म्हणाली.

तिने गिअर न्यूट्रलला आणला, हँडब्रेक सोडला. चार शेजाऱ्यांनी ढकलल्यावर गाडी धाडकन खाली उतरली. झेंडू पसरला. त्याखाली दोन्ही उजव्या चाकांच्या जागी फळ्यांच्या चवडी होत्या, पाच-पाच. महाराज दर बुधवारी पडदा लावून गाडीचं जे शुद्धीकरण करायचे, ते हेच.

"अब पाँच मिनट रुकेंगे," ती म्हणाली. "तेल बैठने दो."

पाच मिनिटं महाराज बोलत राहिले. शंका, पाप, ग्रहदशा, शहरी सुनांचा अहंकार. कुणी मान डोलावली नाही. सगळे आरशात बघत होते. मग विनया ऑफिसच्या सलवार-कुडत्यावर तशीच फरशीवर आडवी झाली आणि तिने बूच काढलं. धार सोडाच, थेंब नाही. तिने करंगळी आत घालून खाली वळवली, बाहेर काढली. कोरडी.

"अब आप," ती महाराजांना म्हणाली.

"मैं क्यों?"

"हर बार तो आप ही लेटते हैं."

गर्दीने वाट सोडली नाही, म्हणून महाराज आडवे झाले. त्यांचीही करंगळी कोरडीच निघाली. विनयाने त्यांना उठू दिलं नाही. पर्समधून इस्पितळाचा कागद काढून त्यांच्या तोंडासमोर धरला. "ये पढ़िए. ज़ोर से."

जमिनीवर पडल्या पडल्या ते अडखळत वाचू लागले: बच्ची, उम्र दो साल, गाड़ी के तेल से त्वचा जली. "फिर से," विनया म्हणाली. "पीछे वालों को सुनाई नहीं दिया." तीन वेळा वाचून घेतलं, तेव्हा कुठे तिला जरा बरं वाटलं.

मग ती लोकांकडे वळली. "पुराचं पाणी आत शिरलं आणि तेलात घुसळलं, म्हणून ते दुधासारखं दिसलं. गाडी दर आठवड्याला एकेक फळी घालून तिरकी केली, म्हणून ते संपेना. एवढंच होतं. भिंतीवरच्या पुराच्या रेघेपुढे बंपर कलताना तुमच्या फोटोंत पाच आठवडे दिसत होता. उद्या कुणी दुसरं काही घेऊन येईल. मुलांच्या तोंडात घालण्याआधी एवढं करा: ते सपाट जागी ठेवायला सांगा, थोडं थांबा, आणि स्वतःचं बोट घालून बघा."

पोलीस ठाण्यात हवालदाराने वही उघडली. "शिकायत किसकी तरफ से?"

विनया बोलणार, तेवढ्यात कुमुदताईंनी तेलाचा डबा टेबलावर ठेवला. झाकण त्यांनी स्वतः घट्ट लावलं होतं.

"मेरी तरफ से लिखो," त्या म्हणाल्या. "तेल मैंने लगाया था."