गप्प बसलेल्यांचा रकाना

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. वसईजवळच्या निर्मळ गावात, एका घराच्या माळ्यावर चादरीखाली पडून असतो, म्हणून मला लगेच भंगार समजू नका बरं! २००१ साली वसईच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले आणि रेजिनाबाईंनी मला घरी आणलं. बाई कॉलेजात गणित शिकवायच्या. त्यांची किचकट गणितं मी सोडवायचो आणि माझं कौतुक करायचा त्यांचा धाकटा भाऊ, पास्कल. तो मागच्या वाडीत भाजी पिकवून स्कूटरवरून नायगावच्या नव्या इमारतींत विकायचा. संध्याकाळी ओल्याच हातांनी मला थोपटायचा. बाई ओरडायच्या, पण मला मात्र ते फार आवडायचं.

२००७ साली ऑर्कुटवर, म्हणजे तेव्हाच्या फेसबुकवर, कुणीतरी लिहिलं, की पास्कलच्या विहिरीत कारखान्याचं पाणी मुरतं, भाजी विषारी आहे. धादांत खोटं! त्याच विहिरीचं पाणी बाई जन्मापासून पीत होत्या. पण टोपल्या भरलेल्या परत येऊ लागल्या. पास्कल म्हणाला, आपण दोघं तिथं खरं काय ते लिहू. बाईंनी अडवलं. उत्तर दिलं की वाद वाढतो, आधी अफवेचं गणित मांडू, म्हणाल्या.

माझ्या पडद्यावर त्यांनी तीन रकाने आखले. अफवा न ऐकलेले, ती सांगत सुटलेले आणि सांगून सांगून गप्प झालेले. सांगणाऱ्याला जो तो 'माहितेय' म्हणू लागला की तो कंटाळून थांबतो, असा नियम घातला. मी उत्तर काढलं, एकविसाव्या दिवशी सांगणारा एकही उरणार नाही. पास्कल तोंड मिटून थांबला. बहिणीवर आणि माझ्यावर केवढा विश्वास त्याचा!

एकविसाव्या दिवशी खरंच चर्चा संपली. मी कसला फुशारलो होतो! पास्कल हुरूपानं नायगावला गेला आणि भरल्या टोपल्या घेऊन परत आला.

"बाय, कोण काय बोलत नाय," तो बहिणीला म्हणाला, "पण भाजीपण घेत नाय."

बाई तिसऱ्या रकान्याकडे बघत राहिल्या. गप्प झालेल्यांना आम्ही साथीतून उठलेल्या रोग्यांसारखं बरं झालेलं धरलं होतं. त्यांच्या मनातली अफवा तिथंच होती. मग बाईंनी चौथा रकाना आखला, 'हे खोटं आहे' असं उघड सांगणाऱ्यांचा. ऑर्कुटवरचं सगळं पुन्हा वाचून काढलं. एकही नाव सापडलं नाही. त्यांचं स्वतःचंसुद्धा नव्हतं.

पास्कल वाडी सोडून बहारीनला कामाला गेला. बाईंनी मला दोष दिला नाही, पण पुन्हा सुरूही केलं नाही. दुपारी खाली स्कूटर थांबली की वाटतं, तोच आला. पास्कल, तुझी फार आठवण येते रे.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण एखाद्याबद्दल खोटं पसरतंय हे ठाऊक असेल, तर त्याच दिवशी मोठ्यानं सांगा. आमच्या बाई आता भेटेल त्याला सांगतात, की आमच्या विहिरीचं पाणी चांगलं आहे. ज्याला ते ऐकायचं होतं, तो इथं नाही.